सिगरेट सोडून व्हेपवर आलोय. पुढे काय?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

  

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला येतोय. ‘दादा, सिगरेट सोडून व्हेपवर आलोय, बरं केलं ना?’ कुणी विचारतं, ‘व्हेप म्हणजे फक्त वाफ असते ना?’ एका मुलीने लिहिलं होतं, ‘घरी वास येत नाही म्हणून मी व्हेप घेते, पण आता दिवसभर हातातच असतो.’ तर आजचा भाग याच विषयावर.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय २८. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून पाच वर्षं सिगरेट ओढत होतो, ती सुटून अडीच वर्षं झाली. त्यामुळे इथे औषध सांगायला बसलेलो नाही. एखादी सिस्टीम कशी चालते हे उघडून बघायची सवय आहे, तेवढंच करणार आहे.

दुसरी गोष्ट. तुम्ही आयुष्यात कधीच सिगरेट ओढली नसेल आणि मित्र म्हणतोय की आंब्याचा फ्लेवर आहे, एक कश मारून बघ, तर तुमच्यासाठी उत्तर एका शब्दाचं आहे : नको. त्यावर चर्चा नाही. अमेरिकेत २०१९ साली हायस्कूलमधली साधारण २७.५ टक्के मुलं व्हेप ओढत होती. त्यातल्या कितीतरी मुलांना आधी सिगरेटची सवयच नव्हती. ‘सिगरेटवाल्यांसाठी’ म्हणून आलेली वस्तू शाळेच्या दप्तरात जाऊन बसली. पुढे तिथले आकडे बरेच खाली आले, पण त्यासाठी सरकारला, शाळांना, पालकांना सगळ्यांना धावपळ करावी लागली. तर न ओढणाऱ्यांनो, तुम्ही चहा टाका. उरलेला भाग आहे ओढणाऱ्यांसाठी.

आता मुद्द्यावर येऊ. ‘व्हेपवर आलोय, बरं केलं ना?’ हा प्रश्न एक वाटतो, पण तो विचारणारी माणसं तीन प्रकारची असतात. एक, ज्याची सिगरेट पूर्ण बंद झाली आणि आता फक्त व्हेप आहे. दोन, ज्याचं दोन्ही चालू आहे. ऑफिसात व्हेप, टपरीवर सिगरेट. तीन, जो महिन्यातून एखाद-दुसरी पार्टीत ओढायचा, आणि व्हेप आल्यावर रोज ओढायला लागला. या तिघांना एकच उत्तर देता येत नाही. आपला गोंधळ इथेच होतो, कारण पहिल्या माणसासाठी जे खरं आहे ते दुसरा आणि तिसरा स्वतःला लावून घेतो.

आधी मशीन बघू. व्हेपमध्ये असतं काय? एक बॅटरी, एक छोटी धातूची कॉइल, तिच्याभोवती कापूस, आणि कापसात मुरलेलं लिक्विड. आपण ओढलं की सेन्सरला हवेचा दाब कळतो, कॉइल तापते, लिक्विडचे बारीक थेंब होऊन बाहेर येतात. म्हणजे ती पाण्याची वाफ नसते. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटिन असतं.

सिगरेटमध्ये पान जळतं. टोकाला तापमान ९०० अंशांच्या आसपास जातं. त्या जळण्यातून डांबर तयार होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यातली सत्तरेक कॅन्सरशी जोडलेली. व्हेपमध्ये जळणं नाही, म्हणून डांबर नाही, आणि धुरातली बरीचशी विषारी द्रव्यं एकतर नाहीत किंवा खूप कमी आहेत. निकोटिन मात्र दोन्हीकडे आहे. माणसाला अडकवतं निकोटिन आणि मारतो मुख्यतः धूर, असं ढोबळमानाने म्हणता येईल.

म्हणजे ‘व्हेप सिगरेटपेक्षा कमी घातक’ या म्हणण्यात दम आहे, ते कंपन्यांनी सोडलेलं पिल्लू नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ मध्ये तो प्रसिद्ध ‘९५ टक्के कमी घातक’ आकडा दिला. तो तज्ज्ञांचा अंदाज होता, कुणी प्रयोगशाळेत मोजून काढलेला नव्हता, आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. पण दिशा बरोबर होती. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने दहा लाख ओढणाऱ्यांना व्हेपचे किट देण्याची योजनाही जाहीर केली. इथवर ऐकून आपल्याकडचा माणूस खूश होतो आणि पुढचं ऐकत नाही. तर पुढचं ऐका.

२०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इंग्लंडमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. सिगरेट सोडायला मदत मागायला आलेली ८८६ माणसं. अर्ध्यांना व्हेप, अर्ध्यांना निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगगम, पट्ट्या वगैरे. एका वर्षाने बघितलं तर व्हेपच्या गटात १८ टक्के लोकांची सिगरेट सुटली होती, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. जवळजवळ दुप्पट. व्हेपच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण हा आकडा सांगतो आणि तो खरा आहे. नंतर असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हाही निष्कर्ष त्याच बाजूचा आला.

पण आपण लॉग वाचणारी माणसं. एक ओळ वाचून बग बंद करत नाही. त्याच चाचणीत आणखी चार गोष्टी आहेत.

एक, १८ टक्के सुटले म्हणजे ८२ टक्के सुटले नाहीत. दोन, दोन्ही गटांना निदान चार आठवडे, दर आठवड्याला माणसाशी बोलायची सोय होती. समुपदेशक होता. नुसतं डिव्हाइस हातात देऊन पाठवलं नव्हतं. तीन, दिलेल्या लिक्विडमध्ये एका मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिन होतं. आणि त्या लोकांचं मधलं वय ४१ होतं, आपल्यासारखी पंचविशीतली पोरं ती नव्हती. चार, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्हेपच्या गटात ज्यांची सिगरेट सुटली, त्यांच्यातले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते. गम-पट्टीच्या गटात हेच प्रमाण होतं ९ टक्के.

म्हणजे गम माणसाला सोडून जातो, व्हेप राहतो. एसटीच्या भाषेत सांगायचं तर गम हा थांबा आहे, व्हेप बहुतेकांसाठी मुक्काम होतो. सिगरेटच्या तुलनेत तो मुक्काम बरा असेलही. पण आपण मुक्कामाला उतरतोय हे उतरताना माहीत असलं पाहिजे.

आता इंग्लंडमधून पुण्यात येऊ. तिथे लिक्विडमध्ये निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर ठेवता येत नाही, आणि वापरून फेकायच्या व्हेपवर १ जून २०२५ पासून बंदी आली आहे. म्हणजे जो देश व्हेपला सगळ्यात जास्त पाठिंबा देतो, तोही मोजूनमापून देतो.

आपल्याकडे काय आहे? सप्टेंबर २०१९ मध्ये आधी अध्यादेश आला, मग डिसेंबरमध्ये कायदा. ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. नुसत्या साठवणीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘ओढणं’ हा शब्द त्या यादीत नाही, त्यावरून रील्सवर बरेच वकील तयार झालेत. पण तुम्ही ओढणार ती वस्तू कुणीतरी आणली, ठेवली आणि विकली आहे, आणि ती साखळी पूर्ण बेकायदेशीर आहे. दुबईहून येताना बॅगेत आणणं म्हणजे आयातच. आणि सिंगापूरला ऑनसाइट जाणाऱ्यांनो, तिथे तर जवळ ठेवणं आणि ओढणं हाही गुन्हा आहे. खिसे तपासून जा.

बंदी चांगली की वाईट, यावर मित्रांच्या कट्ट्यावर दोन तास भांडता येईल. ‘टपरीवर सिगरेट उघड मिळते आणि तिच्यापेक्षा कमी घातक वस्तूवर बंदी, हे काय लॉजिक?’ हा प्रश्न मलाही पडतो. पण आजच्या आपल्या निर्णयासाठी बंदीचा एकच परिणाम महत्त्वाचा आहे. तुमच्या हातातल्या व्हेपवर जे छापलंय, ते खरं आहे की नाही हे तपासणारं इथे कुणीही नाही. बॉक्सवर ‘५ टक्के’ लिहिलंय. असेल ५, असेल २, असेल ७. शून्य निकोटिन लिहिलेल्यात निकोटिन असू शकतं. तो बॉक्स टेलिग्रामवरच्या एका ‘भाई’ने आणून दिलाय, आणि भाईचा नंबर पुढच्या महिन्यात बंद असतो.

हे का महत्त्वाचं, त्याचं उदाहरण अमेरिकेतलं. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथे तरुण मुलं धाप लागून हॉस्पिटलमध्ये यायला लागली. फुप्फुसं खराब झालेली, काहींना व्हेंटिलेटर. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली आणि ६८ जण गेले. शोध घेतल्यावर मुख्य संशय गेला व्हिटॅमिन ई अॅसिटेट नावाच्या तेलकट पदार्थावर. गांजाच्या अर्काचे जे कार्ट्रिज मित्रांकडून, डीलरकडून येत होते, त्यात ते घट्टपणासाठी मिसळलेलं होतं. साध्या निकोटिन व्हेपने हे झालं असं म्हणणं चूक ठरेल, ते मी म्हणत नाही. पण कुणी भरलं, काय भरलं हे माहीत नसलेली गोष्ट फुप्फुसात ओढली की काय होऊ शकतं, ते त्या वर्षी दिसलं. आणि आपल्याकडचा सगळाच माल त्या ‘कुणी भरलं माहीत नाही’ वर्गातला आहे.

आता मला ज्या गोष्टीसाठी हा भाग करायचा होता, तिथे येतो.

माझा एक रूममेट होता. त्याची दिवसाला सात-आठ सिगरेट होती. व्हेप घेतला, पहिल्या महिन्यात सिगरेट दोनवर आली. आम्ही सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. सहा महिन्यांनी सिगरेट तीन-चार होत्या आणि व्हेप उशीखाली होता. रात्री तहान लागून उठला की पाण्याआधी हात तिकडे जायचा. तो म्हणायचा, ‘अरे, आधी मला माहीत तरी होतं मी किती ओढतो.’

या वाक्यावर मी खूप विचार केला. सिगरेट वाईटच, पण तिला काही ब्रेक लागलेले होते. नीट बघितलं तर चार.

पहिला ब्रेक, शेवट. सिगरेट संपते. फिल्टरपाशी येते, चटका बसतो, टाकून द्यावी लागते. पुढची पेटवायची तर नव्याने ठरवावं लागतं. व्हेप संपत नाही, म्हणजे आठवडा-दहा दिवस तरी संपत नाही. आपण ज्यावर रात्री दोनपर्यंत रील्स बघतो ना, तेच डिझाइन. खाली तळच नाही, त्यामुळे थांबायची जागा नाही.

दुसरा ब्रेक, जागा. सिगरेटसाठी खाली उतरावं लागतं, पाऊस असला तर छत्री घ्यावी लागते. स्टँडअप मीटिंग चालू असताना ओढता येत नाही. व्हेप कॅमेरा बंद करून, पांघरुणात, बाथरूममध्ये, कुठेही चालतो.

तिसरा ब्रेक, वास. आईला कळतं, बायकोला कळतं, रिक्षावाल्यालाही कळतं. त्या वासाच्या धाकाने कितीतरी सिगरेटी राहून जायच्या. मुलींच्या बाबतीत तर हा धाक दुप्पट. व्हेपला वास आलाच तर च्युइंगगमचा येतो. त्या मुलीने जे लिहिलं होतं, ‘वास येत नाही म्हणून घेते, पण आता दिवसभर हातात असतो’, त्या वाक्याचे दोन भाग एकमेकांचं कारण आहेत.

चौथा ब्रेक, पैसे. सुटी सिगरेट घेताना दर वेळी वीसेक रुपये खिशातून जातात. तसं महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. व्हेपचे पैसे एकदाच जातात. त्यानंतरचा प्रत्येक कश फुकट वाटतो.

चारही ब्रेक काढून टाकले आणि इंजिन तेच ठेवलं, किंबहुना मोठं केलं. मोठं कसं, ते सांगतो. जुन्या लिक्विडमध्ये निकोटिन वाढवलं की घसा जळायचा, ठसका लागायचा. तो शरीराचा पाचवा ब्रेक होता म्हणा. मग निकोटिनमध्ये बेंझॉइक अॅसिडसारखं आम्ल मिसळून त्याचं ‘सॉल्ट’ करायची पद्धत आली. घशाला मऊ लागतं, त्यामुळे जास्त तीव्रतेचं सहज ओढता येतं. अमेरिकेत २०१५ मध्ये आलेल्या जूलने हे मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांचा पॉड ०.७ मिलिलिटरचा, मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅम निकोटिन, म्हणजे एका पॉडमध्ये ४१ मिलिग्रॅम. कंपनीच सांगायची की एक पॉड साधारण एका पाकिटाइतका. आता आपल्याकडे जे रंगीत डबे फिरतात, त्यातल्या एखाद्यावर १० मिलिलिटर आणि ५ टक्के लिहिलेलं असतं. छापलंय ते खरं धरलं, तर ५०० मिलिग्रॅम. भागाकार करा. बारा पाकिटांच्या आसपास जातं. तो डबा दहा दिवसांत संपवणारा माणूस ‘मी सिगरेट कमी केली’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याने मोजायचं एकक बदललेलं असतं.

आणि ज्यांचं दोन्ही चालू आहे त्यांच्यासाठी. ‘वीसवरून चारवर आलो, म्हणजे धोका पाचपट कमी’ असं आपल्या डोक्यात त्रैराशिक असतं. हृदयाला त्रैराशिक येत नाही. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये शंभराहून जास्त अभ्यासांची एकत्रित आकडेवारी आली होती. दिवसाला फक्त एक सिगरेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या साधारण ४० ते ५० टक्के निघाला. पाच टक्के नाही, चाळीस-पन्नास टक्के. आलेखाची रेघ पहिल्याच सिगरेटला एकदम उभी चढते आणि मग सपाट होत जाते. म्हणून वीसवरून चारवर येण्यापेक्षा चारवरून शून्यावर जाणं हृदयासाठी फार मोठं आहे. व्हेपचा जो काही फायदा आहे तो सगळा त्या शून्यात आहे. दोन्ही चालू ठेवणाऱ्याच्या पदरात त्यातलं फार थोडं पडतं, आणि निकोटिनची सवय मात्र चोवीस तासांची होते.

एक गोष्ट सांगतो. आजच्या स्वरूपातली ई-सिगरेट बनवली ती होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने, २००३ मध्ये. स्वतः भरपूर ओढणारा माणूस, वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. त्याला सिगरेट सोडायची होती म्हणून त्याने हे यंत्र बनवलं. आणि पुढे त्याने स्वतःच सांगितलं की तो दोन्ही ओढतो. मी हे त्याची चेष्टा करायला सांगत नाही. ज्याने मशीन बनवलं त्यालाही नुसत्या मशीनने सुटलं नाही, तर आपल्या रूममेटला सुटलं नाही म्हणून त्याला कमकुवत म्हणायचं कारण नाही.

बरं, मग करायचं काय?

पहिल्या प्रकारच्या माणसाला, म्हणजे सिगरेट पूर्ण बंद, फक्त व्हेप. हा भाग ऐकून घाबरून सिगरेटकडे परत जाऊ नका, ते सगळ्यात वाईट होईल. पण व्हेप सुटायची तारीख ठरवा. मुक्काम हलवायचा आहे.

दुसऱ्या प्रकारच्या माणसाला, दोन्हीवाल्याला. आधी सिगरेट शून्य करा. ‘कमी’ हे ध्येय ठेवू नका. आणि त्या शून्यासाठी टेलिग्रामवाल्या भाईपेक्षा कायदेशीर रस्ता आहे, त्यावर येतोच.

तिसऱ्या प्रकारच्या माणसाला, आधी कधीतरी ओढणारा, आता रोज व्हेप. मित्रा, तुझ्या बाबतीत व्हेपने काहीच सोडवलेलं नाही. सवय कमी होती, ती त्याने वाढवली. तुझ्यासाठी तो पर्याय कधी नव्हताच.

आपण किती अडकलोय हे बघायला एक साधं मोजमाप आहे, डॉक्टरही ते वापरतात. सकाळी डोळे उघडल्यापासून पहिल्या कशापर्यंत किती मिनिटं जातात? निकोटिन शरीरात दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं, म्हणजे रात्रभर झोपल्यावर टाकी रिकामी असते. जो पाच मिनिटांत हात लांब करतो, त्याची सवय घट्ट आहे. अर्ध्या तासात करतो त्याचीही बऱ्यापैकी. तासाभराने आठवण येते त्याची सैल. उद्या सकाळी बघा. कुणाला सांगायचं नाही, फक्त बघायचं.

मग ते चार ब्रेक परत बसवा. व्हेप बेडरूममध्ये नाही, डेस्कवर नाही. ओढायचाच तर सिगरेटसारखं खाली उतरून, ठरावीक वेळेला. चार्जर ऑफिसच्या बॅगेत ठेवू नका. दर वेळी वहीत एक रेघ मारा. अॅप नको, अॅप उघडायला फोन घेतला की अर्धा तास जातो. आठवड्यात आकडा दिसायला लागतो, आणि आकडा दिसला की आपल्यासारख्यांना तो खाली आणावासा वाटतोच.

आता कायदेशीर रस्ता. २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. तो साध्या च्युइंगगमसारखा चावत बसायचा नसतो, इथे बरेच जण चुकतात आणि मळमळलं म्हणून सोडून देतात. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की परत थोडा चावायचा. साधारण अर्धा तास चालतो. खायच्या पंधरा मिनिटं आधी आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. टपरीवर कटिंगसोबत गम खाऊन ‘काही उपयोग नाही रे’ म्हणणारे मी बघितलेत. गम पुरत नसेल तर पट्टी आहे, डॉक्टरांनी लिहून द्यायच्या गोळ्या आहेत. हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर.

आणि फोन. सिगरेटच्या पाकिटावर एक नंबर छापलेला असतो, आपण तो कधी वाचत नाही. १८००-११२-३५६. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय सेवा आहे, फुकट आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं एक केंद्र आहे, मराठीत बोलता येतं. इंग्लंडच्या त्या चाचणीत दर आठवड्याला बोलायला माणूस होता, आठवतंय? आपल्याकडे तो माणूस या नंबरवर आहे.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोप उडते. तीन-चार आठवड्यांत बराचसा भार उतरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, ती येते आणि जाते. त्या मिनिटांत काय करायचं हे आधी ठरवून ठेवा. मी बिल्डिंगचे जिने चढायचो. दुसरं काही सुचलं नव्हतं म्हणून, पण चाललं. रिलीजच्या आठवड्यात सोडायला घेऊ नका. सुट्टीला जोडून घ्या.

आणि एक, ब्रेकबद्दल. आपल्या ऑफिसांत ‘चल, सुट्टा मारून येऊ’ म्हटलं की दहा मिनिटं बाहेर जायला कुणी हरकत घेत नाही. ‘चल, जरा झाडाखाली उभं राहून येऊ’ म्हटलं तर लोक बघत राहतात. आपल्यातल्या कित्येकांना निकोटिनइतकीच त्या दहा मिनिटांची गरज असते. ती दहा मिनिटं सोडू नका. हातात काही नसताना खाली जा. मित्र सोडत असेल तर त्याच्यासोबत तुम्ही जा. त्याला उपदेश करू नका, त्याच्याशी मॅचबद्दल बोला. आणि त्याच्यासमोर पेटवू नका, एवढं कराच.

तुमच्यापैकी कुणी सोडायला घेतलं असेल तर पहिल्या आठवड्याचा वहीतला आकडा मला पाठवा. नाव नको, फक्त आकडा. वाढला असला तरी पाठवा. पुढच्या भागात झोपेवर बोलणार आहोत, कारण रात्री दोनला जागं राहण्याचं कारण दर वेळी कॉफी नसतं.

भेटू. काळजी घ्या.